मंगलाबाईच्या ओट्यासमोरची एस्टी

निंबटेकात नवखा माणूस शिरला की आधी कुत्री भुंकतात. कुत्री दमली की मंगलाबाई सुरू होते. कुणाचा, कुठला, कुणाकडे आला, कशाला आला आणि जाणार कधी? समोरच्याने उत्तर दिलं तरी तिचं समाधान होत नाही. एवढं पटकन उत्तर का दिलं, हा पुढचा संशय तयारच असतो. आणि माणूस अडखळला तर मग विचारूच नका, तो चोरच.

आता कुणी म्हणेल, म्हातारीला कामधंदा नाही. तर तसं मुळीच नाही. साठी ओलांडलेली ही बाई पहाटे उठून म्हशींचं बघते, कापूस वेचायला जाते आणि उरलेल्या वेळात गावाची राखण करते. पगार नाही, कुणी नेमलेलं नाही, तरी करते. आणि खरं बोलायचं तर गावाने तिच्या संशयाचं खाल्लंही आहे. मागे दोन माणसं 'पंप तपासायला आलोय' म्हणत मळ्यांतून हिंडत होती. मंगलाबाईने त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि इतके प्रश्न विचारले की ती चहाला न थांबता पळाली. पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या गावातले पंप गेले, निंबटेकचे जागेवर राहिले. तेव्हापासून बाई जे म्हणेल ते गाव ऐकतं. निदान ऐकत होतं.

निंबटेक शहादा तालुक्यातलं. ब्राह्मणपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळायचं, मग दोन्ही अंगांना केळी आणि ऊस, खाली कधी डांबर, कधी नुसता खड्डा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाची लोकसंख्या रंगवलेली आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. त्यातली निम्मी माणसं सुरतेला आहेत. दिवाळीला आणि लग्नसराईला येतात, चार दिवस गल्लीत गर्दी करतात आणि दाराला कुलूप घालून परत जातात. जे पुरुष इथे उरलेत त्यांच्याकडे मोटारसायकली आहेत. घर गळत असेल, पण दारात मोटारसायकल पाहिजेच! मग एस्टीत बसणार कोण? तर शहाद्याला कॉलेजला जाणाऱ्या पोरी, दवाखान्याला निघालेल्या बाया आणि ज्यांना मागच्या सीटवर घ्यायला कुणी राजी नाही असे म्हातारे. पोरींना मोटारसायकल कोण घेऊन देतो हो?

एस्टी दिवसातून दोनदा यायची, सकाळी आणि संध्याकाळी. मंगलाबाईच्या ओट्यासमोर मोकळी जागा आहे, तिथेच ती वळायची. त्यामुळे कोण चढलं, कोण उतरलं, कुणाच्या हातात काय होतं आणि कुणाचं तोंड कसं होतं, हे सगळं बाईला बसल्या जागी दिसायचं. तिला तर वाटायचं की एस्टी महामंडळाने तिचा ओटा पाहूनच ही जागा निवडली.

त्या गाडीत तिची नातही जायची. स्वप्नाली. मुलगा चंदन आणि सून सुरतेला एका खोलीत राहतात, साड्यांच्या कारखान्यात कामाला जातात. खोलीत तिसऱ्याला पाय पसरायला जागा नाही, म्हणून पोर लहानपणापासून आजीकडे. शिकायला हुशार निघाली. शहाद्याला बी.एस्सी.ला गेली, दुसऱ्या वर्षाला आली. चंदनने एकच अट घातली होती. "माय, एस्टी शे तवलोक कॉलेज. त्या भरेल रिक्षामा मानसेसंगे चेंगरत मन्ही पोर जावाव नही." म्हणजे एस्टी आहे तोवर शिक्षण. बापाचं हे म्हणणं पोरीने निमूटपणे मान्य केलं होतं, आणि एकही सकाळ चुकवली नव्हती.

तर कापूस फुटायच्या दिवसांत एक दिवस गावात एक पोरगा आला. पंचविशीच्या आतला, गोरटेला, पाठीवर पिशवी, हातात मोबाईल. घराघरात जाऊन विचारत होता की इथे माणसं किती राहतात, बाहेरगावी किती आहेत, बाजाराला कशाने जाता, दवाखान्याला कशाने जाता. मंगलाबाईच्या ओट्यापाशी आला तेव्हा बाई तूर पाखडत होती.

"कोना पोऱ्या शे रे तू?" तिने सूप खाली न ठेवता विचारलं.

"शहाद्याचा आहे, आजी. एका संस्थेचं सर्वेक्षण आहे. गावात वस्ती किती आणि जाण्यायेण्याची सोय काय, ते बघतोय. तुमच्या घरात माणसं किती?"

"मानसे मोजाले काय बकऱ्या शेतस?"

पोरगा हसला. ते हसणंही बाईला आवडलं नाही. तिने घरात पाच माणसं राहतात असं ठोकून दिलं, राहत होत्या दोघी. घरात फक्त एक म्हातारी आणि एक तरणी पोर आहे, हे परक्याला कोण शहाणी सांगेल? शेजारच्या वत्सलाबाईनेही आपल्या घरी सात माणसं सांगितली आणि वर एक कुत्रा आहे, चावरा आहे, अशी भर घातली. असं करत करत निंबटेकची लोकसंख्या त्या दिवशी एकदम वाढली.

इथवर ठीक होतं. घोटाळा झाला दुसऱ्या सकाळी. पोरगा पुन्हा आला आणि थेट एस्टीच्या दाराशी उभा राहिला. चढणाऱ्या प्रत्येकाला काहीबाही विचारायचा आणि मोबाईलवर बोट फिरवायचा. म्हाताऱ्यांना त्याने पटापट सोडलं. पोरींपाशी मात्र थांबला. मंगलाबाई शेणाची पाटी हातात धरून तिथेच उभी राहिली आणि कान टवकारले. कॉलेज किती वाजता सुटतं? मग गाडीची वाट कुठे बघता? एकट्या असता की सोबत कुणी असतं? अंधार पडतो का परत येताना?

आता तुम्हीच सांगा, कुठली आजी स्वस्थ बसेल?

आणि त्यावर स्वप्नाली हसली. काहीतरी बोलली, तोही काहीतरी बोलला, आणि ती हसली. तशी ती घरी फारशी हसत नाही. घरी ती पुस्तकात डोकं घालून असते. गाडी निघून गेली तरी मंगलाबाई पाटी धरून तिथेच उभी.

दुपारी पिठाच्या गिरणीत वत्सलाबाई भेटली. मंगलाबाईने तिला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की वत्सलाबाईला फारसं काही वाटत नाहीये.

"आवं अक्का, सर्वे करस तो. इचारीच ना," वत्सलाबाई म्हणाली आणि डबा पुढे सरकवला.

मंगलाबाईचा जीव खालीवर झाला. आपली पोर हसली हे तर कुणाला सांगता येत नाही. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "नुसतं इचारस का? फोटो काढस तो पोरीस्ना! मन्हा डोयाघाई देखं मी."

फोटो! झालं. गिरणीचा पट्टा बंद व्हायच्या आत ही गोष्ट सगळ्या गल्लीत फिरली. त्याने कुणाचाही फोटो काढला नव्हता. मोबाईल हातात होता एवढंच. पण मंगलाअक्काने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर पुरावा कोण मागतो? राईचा पर्वत व्हायला निंबटेकात संध्याकाळ पुरते. कुणी म्हणालं हे पोरी विकणाऱ्यांचं काम. कुणी म्हणालं असं तिकडे कुठेतरी झालंच आहे, मोबाईलवर आलं होतं. बायांनी ठरवलं की तो पोरगा गावात दिसतोय तोवर एकही पोर एस्टीत चढणार नाही. पुरुषांनी माना डोलावल्या आणि आपापल्या मोटारसायकलींना किक मारली.

स्वप्नालीने त्या संध्याकाळी भांडण केलं. "आजी, तो समदासले तेच इचारस. फोटो कधय काढा त्याने? मी तठेच व्हतू ना!"

"तुले काय कळस? तू गप बठ."

"मन्हं प्रॅक्टिकल शे."

"राहू दे प्रॅक्टिकल."

पोर त्या आठवड्यात घरी बसली. वत्सलाबाईची पोर बसली, गल्लीतल्या सगळ्याच बसल्या. बायाही दवाखान्याला दोधूच्या अ‍ॅपे रिक्षातून गेल्या, कारण बाईमाणसाने तरी त्या पोऱ्याच्या तोंडी का लागावं? म्हातारेही त्यांच्याच मागून गेले. सकाळी एस्टी यायची, वळायची, भोंगा वाजवायची. तो पोरगा दाराशी उभा राहून इकडेतिकडे बघायचा आणि रिकाम्या गाडीतून परत जायचा. मंगलाबाई ओट्यावरून बघायची आणि मनातून खूश व्हायची. कशी जिरवली! पुढच्या आठवड्यात तो आला नाही. पोरी पुन्हा गाडीने जाऊ लागल्या आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं.

कापूस वेचून झाला, थंडी पडली, आणि एका सकाळी गाडी आलीच नाही.

पहिल्या दिवशी वाटलं पंक्चर झाली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं ड्रायव्हर आजारी असेल. मग कळलं की निंबटेकची फेरी बंद केली. पोरी पिशव्या घेऊन मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या, थोड्या वेळाने घरी गेल्या. मंगलाबाईच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते दोधूचं. येणारच! दोधू रोज अ‍ॅपे रिक्षा काढतो, भरल्याशिवाय हलत नाही, आणि एस्टी बंद झाली की फायदा कुणाचा? चोराच्या मनात चांदणं, म्हणत ती रिक्षापाशी गेली आणि सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं.

"काय रे दोधू, डेपोमा कितलं चारं तू?"

दोधू टायरमध्ये हवा भरत होता. गरीब माणूस, बायकोशीही मोठ्याने बोलत नाही. "काकू, मी काय चारसू? मन्हा रिक्षाना टायर तं देखा! तुमले मन्हावर संशय येस, तं चला मन्हाच संगे डेपोमा. इचारी घ्या."

"येसूच ना! भ्यास का तुले?"

त्या रात्री चंदनचा सुरतेहून फोन आला. त्याला कुणीतरी कळवलं होतं. "माय, एस्टी नही तं कॉलेज नही. मी पहिलेच सांगेल व्हतं. तिले आठे धाडी दे. कारखानामा काम भेटी. पुढे लगीनना बी देखसूत."

स्वप्नालीने फोनवरचं सगळं ऐकलं. रडली नाही. आजीकडे बघत म्हणाली, "तुले त्या पोऱ्यावर संशय नव्हता, आजी. तुले मन्हावर व्हता." आणि मग ती बोलायचीच बंद झाली. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. मंगलाबाईला लोकांचं बोलणं ऐकायची सवय, घरातलं हे गप्पपण तिला सोसेना. तिने मनाची समजूत घातली की दोधूचं पितळ उघडं पडलं की पोर आपोआप बोलेल.

दुसऱ्या दिवशी ती दोधूच्या रिक्षातून शहाद्याला गेली. स्टँडवर गाड्यांची गर्दी, फलाटाला लागायला गाड्यांना जागा नाही, आणि तिच्या गावाला एक गाडी नाही! आत बसलेल्या साहेबापुढे तिने पदर खोचला आणि दोधूने पैसे चारले का म्हणून थेट विचारलं. दोधू मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता. साहेब आधी हसला, मग बाईचं तोंड बघून गंभीर झाला.

"आजी, पैसे कुणी दिले नाहीत. गाड्या कमी आहेत, म्हणून कुठल्या गावाला किती माणसं बसतात ते बघून फेऱ्या ठेवतो. एका संस्थेने गावोगाव पाहणी केली, तिचा उपयोग केला. तुमच्या गावात माणसं भरपूर दिसतात, पण गाडीत कुणीच बसत नाही. आठवडाभर पाहिलं, गाडी रिकामी. मग आम्ही काय समजायचं? गावाला गाडी नको."

"आमले गाडी नको? कोन म्हने?"

"तुमचं गावच म्हणालं ना. ज्याने पाहणी केली तो जेठमलशेठचा नातू आहे, जिनेश. हवं तर त्यालाच विचारा."

जेठमलशेठ! मंगलाबाई खुर्चीवर बसलीच. तिच्या लग्नातला शालू त्यांच्या कापड दुकानातला, चंदनच्या लग्नाचा बस्ता त्याच दुकानातून. सगळ्या दुनियेला 'कोना पोऱ्या' विचारणाऱ्या बाईने त्या दिवशी शहाद्याचा आहे एवढं ऐकलं आणि पुढे विचारलंच नव्हतं. संशय घ्यायची एवढी घाई झाली होती तिला.

दुकानात जेठमलशेठ गादीवर डुलकी घेत होते. गल्ल्याच्या पलीकडे त्यांची बायको इचरजबाई बसली होती, मंगलाबाईच्याच वयाची, पांढरी स्वच्छ साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. ओळखीची बाई आली म्हणून तिने पाणी मागवलं. पाणी घेऊन जिनेशच आला. मंगलाबाईला बघून तो जागीच थांबला.

"निंबटेकच्या आजी ना तुम्ही?"

"तू शेठना नातू?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

त्याने कुठलाही राग न दाखवता सांगितलं. संध्याकाळची गाडी शहाद्याहून फार उशिरा सुटते. निंबटेकच्या पोरींचं कॉलेज दुपारी संपतं आणि त्या अंधार पडेपर्यंत स्टँडवर ताटकळतात. म्हणून तो विचारत होता की कॉलेज किती वाजता सुटतं, एकट्या असतात की सोबत. ती गाडी आधी सोडावी, असं त्याला लिहायचं होतं. स्वप्नालीला त्याने हे सांगितलं तेव्हा ती हसली होती, म्हणाली होती की असं झालं तर मी तुम्हाला पेढे देईन.

"मंग लिखं का नही?"

"कुणासाठी लिहू, आजी? दुसऱ्या दिवसापासून गाडीत एक पोर बसली नाही. मला वाटलं मीच काही चुकलो."

इचरजबाईने चष्मा काढून पुसला. ती खानदेशात जन्म घालवलेली, अहिराणी तिच्या तोंडात बसलेली. "ऐकी ल्या मंगलाबाई. तुमना गावनी एक बाई कापड लेवाले उनी व्हती. म्हने, शहादाना एक पोऱ्या पोरीस्ना फोटो काढस. मी म्हनं, असा पोऱ्याले चाबूकघाई झोडा. तो मन्हाच नातू शे, हाई मले काय माहीत!" मग तिने मंगलाबाईच्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, "हाई आवई कोनी उठाडी व्हयी?"

मंगलाबाईने पेला तोंडाला लावला. पाणी संपलं तरी पेला खाली आला नाही. जिनेश खाली बघत उभा होता, कानशिलं लाल झालेली. हे त्याला आत्ताच कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मंगलाबाईला एखाद्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. "कोन जाने," असं काहीतरी पुटपुटून ती उठली. लाज वाटली तिला, पण खरं बोलायचा धीर झाला नाही.

तरी पोरगा मनाचा मोठा. तो तिच्याबरोबर परत डेपोत आला आणि साहेबाशी बोलला. साहेब म्हणाला, सोमवारपासून एक आठवडा दोन्ही वेळची गाडी सोडतो. माणसं बसली तर फेरी राहील, नाही तर कायमची बंद. पुन्हा विनंती घेऊन येऊ नका.

मंगलाबाई गावात आली ती थेट गल्लीत फिरायला निघाली. सोमवारी पोरींना गाडीत बसवा, त्या पोऱ्याचं काही वाईट नव्हतं, तो आपल्याच भल्यासाठी आला होता. तिला वाटलं होतं बाया हुश्श म्हणतील. कशाचं काय! लोक तिच्याकडे असे बघू लागले जसं ती नवख्यांकडे बघते. आधी म्हणायची चढवू नका, आता म्हणते चढवा. शहाद्याला गेली, शेठच्या दुकानात बसली, हे दोधूच्या तोंडून सगळीकडे गेलं होतंच.

"शेठनी लुगडं दिन्हं का वं अक्का?" वत्सलाबाईने दारातूनच विचारलं.

"आवं, तो तसा पोऱ्या नही."

"मंग फोटो?"

मंगलाबाईला तिथे सांगता आलं असतं. नाही सांगितलं. ज्या गावात आपल्या डोळ्यांच्या भरवशावर लोक दारं उघडतात आणि लावतात, त्या गावात हे डोळे खोटं बोलले, असं कसं सांगायचं? ती घरी आली. स्वप्नालीने कपडे घडी करून एका पिशवीत भरले होते. सुरतेची पिशवी. बाईने ती पिशवी पाहिली आणि रात्रभर तळमळली.

सोमवारी सकाळी गाडी आली. धूळ उडवत वळली, भोंगा वाजवला. सगळ्या ओट्यांवर माणसं होती. दारांआडून पोरी दिसत होत्या, वेण्या घालून तयार, हातात पुस्तकं, पण आया पुढे उभ्या. एकटी स्वप्नाली चालत आली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. कंडक्टरने बाहेर डोकं काढलं.

"एकच? अहो, मग कशाला बोलावली गाडी?"

त्याने घंटीच्या दोरीला हात घातला तशी मंगलाबाई ओट्यावरून उतरली आणि गाडीच्या पायरीवर चढून उभी राहिली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं आणि तिला वाटत होतं की जमीन दुभंगली तर बरं.

"ऐका वं!" ती ओरडली. "त्या पोऱ्यानी फोटो काढेल नही. एक बी नही. गिरनीमा मी खोटं बोलनू. मन्हा मनथीन जोडं मी. तुमन्या पोरी मन्हा पायी घरमा बठन्यात, गाडी मन्हा पायी बंद पडनी. मले काय बोलनं ते बोला, पन पोरीस्ले गाडीमा बसाडा."

एक म्हातारा खोकला. वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. तिच्या मागे तिची पोर होती, आणि वत्सलाबाई जे करेल तेच बाकीच्या करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अक्का, मले एक सांग. तव्हय खोटं बोलनी, का आते बोली ऱ्हायनी?"

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मंगलाबाईनेही हाच प्रश्न विचारला असता, एका शब्दाचाही फरक न करता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा खाली, मला पुढची गावं आहेत." तिच्या डोळ्यांना धार लागली. ती पायरीवरून उतरलीही नाही, वरही गेली नाही.

वत्सलाबाई म्हणाली, "देख, तुन्हा सबदवर मन्हा इस्वास ऱ्हायना नही. पन तुन्हा संशयवर पुरा शे. तू सोता गाडीमा बठ. रोज. सकाय जाय, संध्याकायले पोरीस्ना संगे ये. तू बठशी तं मन्ही पोर बठी."

"मी? रोज?" मंगलाबाईला एस्टी लागते. म्हशी कोण बघेल, शेतात कोण जाईल, ओट्यावर कोण बसेल?

"नही तं राहू दे."

मंगलाबाईने मागे वळून घराकडे पाहिलं. दार उघडं होतं. तिने दोधूला हाक मारली, म्हशींना पाणी पाजायला सांगितलं, आणि दोधू, ज्याला तिने सगळ्या गावासमोर चोर म्हटलं होतं, तो "हां काकू" म्हणाला आणि बादली उचलली. ती आत चढली. तिच्या मागून वत्सलाबाईची पोर चढली, मग तिच्या मैत्रिणी चढल्या, मग दवाखान्याच्या बाया. कंडक्टर तिकिटं फाडू लागला.

मंगलाबाई दांडे धरत धरत मागे स्वप्नालीपाशी गेली. तिला वाटलं होतं, आता तरी पोर सरकून जागा देईल. स्वप्नालीने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, पण माया दिसावी एवढंही काही नव्हतं. शेजारच्या सीटवर तिची पुस्तकांची पिशवी होती. तिने ती उचलली नाही.

"आजी, तू पुढे बठ," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द तो.

"बरं, माय," मंगलाबाई म्हणाली. तिला फार लागलं ते, आणि ते लागायलाच हवं होतं हेही तिला कळलं. ती तशीच दांडे धरत पुढे आली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. मागे पोरी कुजबुजत होत्या, बोलत होत्या, कुणाला कुणाचा फोन येत होता. त्यांच्यावर नजर ठेवायलाच गावाने तिला गाडीत बसवलं होतं. शहादा येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.